तीन राजधान्यांऐवजी एक: रिगातला मुक्काम

बाल्टिक देशांची सहल म्हटली की आपल्याकडच्या प्रवासी कंपन्या तालिन, रिगा आणि व्हिल्नियस या तिन्ही राजधान्या एका दमात उरकणारा कार्यक्रम हातात ठेवतात. लात्व्हियाची राजधानी रिगा मध्यभागी असल्यामुळे तिथून तालिन सुमारे ३१० किलोमीटर आणि व्हिल्नियस सुमारे ३०० किलोमीटर पडते, आणि प्रत्येक टप्प्याला बसने चार ते साडेचार तास लागतात. कागदावर हे सोपे दिसते; पण खोली सोडणे, सामान बांधणे, नव्या गावातली खोली हाती येईपर्यंत ताटकळणे आणि पुन्हा नव्याने तिकिटांची पद्धत समजून घेणे, यात प्रत्येक वेळी एक अख्खा दिवस खर्ची पडतो. साठी ओलांडलेल्या माणसांनी हा उपद्व्याप का करावा, असा प्रश्न मला पडला आणि आम्ही उभयतांनी फक्त रिगाला जाऊन राहायचे ठरवले. बहिणीचा मुलगा रिगा तांत्रिक विद्यापीठात शिकतो, हेही त्यामागचे एक कारण होते. भारतातून शिकायला गेलेली मुले त्या शहरात आता बरीच आहेत, त्यामुळे त्यांच्या भेटीला जाणाऱ्या आईवडिलांना आणि नातेवाइकांना या टिपणाचा काही उपयोग व्हावा.

पहिले काम व्हिसाचे. लात्व्हिया २००४ मध्ये युरोपीय संघात आणि डिसेंबर २००७ मध्ये शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, सामील झाला, त्यामुळे तिथे जायला शेंगेन व्हिसा लागतो आणि तो ज्या देशात जास्तीत जास्त मुक्काम असेल त्या देशाकडे मागायचा असतो. मुक्काम सारखाच वाटला गेला असेल, तर ज्या देशातून आपण प्रथम आत शिरणार त्याच्याकडे. तीन राजधान्यांचा कार्यक्रम आखणाऱ्यांची गाडी इथेच अडते, कारण हॉटेलांचे आरक्षण एक सांगते, विमानाचे तिकीट दुसरे आणि अर्ज तिसऱ्याच दूतावासाकडे गेलेला असतो. आमचा कार्यक्रम एकाच शहराचा असल्यामुळे कागदपत्रे फार सुटसुटीत झाली. लात्व्हियाचा दूतावास नवी दिल्लीत आहे. अर्ज आणि बोटांचे ठसे व्हिसा केंद्रावर घेतले जातात आणि निर्णय दूतावास देतो. प्रवासाच्या तारखेआधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो गेलाच पाहिजे, पण पंधरा दिवसांच्या भरवशावर मुळीच राहू नये. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो असून केंद्राचे सेवाशुल्क त्यावर वेगळे लागते. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी असावा लागतो. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पाने असलेला हवा. माझे यजमान निवृत्त असल्याने आम्ही निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, बँकेची विवरणे आणि आयकराची विवरणपत्रे जोडली. केंद्रावरच्या मुलीने कागद चाळताना ‘‘फक्त रिगाच? बाकीचे दोन देश नाही करत काकू?’’ असे विचारले तेव्हा मात्र आपण काही विचित्र करतो आहोत की काय, असे क्षणभर वाटले.

भारतातून रिगाला थेट विमान नाही. फ्रँकफर्ट, हेलसिंकी, वॉर्सा किंवा इस्तंबूल असे कुठेतरी विमान बदलावेच लागते. यात एक बारकावा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. फ्रँकफर्टसारख्या शेंगेनमधल्या विमानतळावर बदल असेल, तर पासपोर्टची तपासणी तिथेच होते आणि पुढचे रिगाचे विमान देशांतर्गत विमानासारखे असते. इस्तंबूलमार्गे गेल्यास ही तपासणी थेट रिगाला होते. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर प्रवाशांच्या बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेऊन नोंद करण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे रांगेला वेळ लागतो हे गृहीत धरूनच दोन विमानांमधले अंतर ठरवावे. माझ्या मते अडीच तासांपेक्षा कमी अंतराचे तिकीट स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. आम्ही फ्रँकफर्टमार्गे गेलो. हॉटेलचे आरक्षण, परतीचे तिकीट आणि विम्याचा कागद मी छापून हातातल्या पिशवीत ठेवला होता, आणि अधिकाऱ्याने नेमके तेच तीन कागद पाहायला मागितले.

रिगाचा विमानतळ शहरापासून जेमतेम दहा किलोमीटरवर आहे. टर्मिनलमधून बाहेर पडून समोरच्या वाहनतळाच्या बाजूला गेले की २२ क्रमांकाच्या बसचा थांबा लागतो, आणि ती बस अर्ध्या तासात जुन्या शहराच्या कडेला नेऊन सोडते. तिकीट बसमध्ये चढण्याआधी घ्यावे; ते यंत्रावर, मोबाइल ॲपवर किंवा नार्वेसेन नावाच्या दुकानांत मिळते आणि ही दुकाने शहरभर कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत. आम्ही गेलो तेव्हा ९० मिनिटांचे तिकीट दीड युरोला होते, आणि त्या अवधीत बस, ट्राम, ट्रॉलीबस हवी तितक्या वेळा बदलता येते. मात्र प्रत्येक वेळी चढल्यावर तिकिटाची नोंद यंत्रावर करावी लागते. तिकीट खिशात असून नोंद नसेल तर तपासनीस ते विनातिकीटच धरतात, आणि परदेशी पाहुणा म्हणून सूट मिळत नाही. रात्री उशिरा पोहोचणाऱ्यांनी टॅक्सीसाठी ॲप वापरावे. त्यावर भाडे आधीच दिसते, त्यामुळे घासाघीस उरत नाही.

राहण्याची जागा निवडताना मी जुन्या शहराचा, म्हणजे वेत्सरिगाचा, मोह टाळला. चित्रातली रिगा तीच, हे खरे. पण तिथल्या गल्ल्या दगडी गोट्यांनी फरसबंद केलेल्या आहेत. त्यांवरून चाकांची बॅग ओढणे हा शिक्षेचा प्रकार आहे, आणि जुन्या इमारतींत उद्वाहक असेलच असे नाही. शिवाय उन्हाळ्याच्या रात्री मद्यालयांचा गोंगाट खिडकीपर्यंत येतो. त्याऐवजी उद्यानांच्या पट्ट्यापलीकडचा ‘शांत मध्यभाग’ म्हणवला जाणारा भाग, एलिझाबेतेस रस्त्याच्या आसपासचा, आम्हांला फार मानवला. तिथून जुने शहर चालत दहा-पंधरा मिनिटांवर, किराणा मालाची दुकाने हाकेच्या अंतरावर आणि रस्ते रुंद व सपाट. स्वयंपाकघर असलेली छोटी सदनिका घेतली, आणि शाकाहारी माणसांनी तर ती घ्यावीच. रेल्वे स्थानकाजवळची खोली घेण्याआधी मात्र नकाशा नीट पाहावा, कारण तालिनपासून पोलंडपर्यंत जाणाऱ्या रेल बाल्टिका या नव्या रेल्वेमार्गाचे प्रचंड बांधकाम तिथे चालू आहे, चालण्याच्या वाटा बदलत राहतात आणि भुयारी मार्गांच्या पायऱ्या सामानासह चढाव्या लागतात.

कधी जावे, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण या शहरात दिवसाची लांबी सगळा कार्यक्रम ठरवते. रिगा जवळजवळ ५७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये सूर्य रात्री दहानंतर मावळतो आणि झोपेसाठी खिडकीला जाड पडदे आहेत का हे विचारावे लागते. डिसेंबरमध्ये मात्र दुपारी पावणेचारच्या सुमारास दिवस आटोपतो. भाचा म्हणाला, ‘‘मावशी, तू जानेवारीत येऊ नकोस. इथे तेव्हा आम्हीच कसेबसे दिवस काढतो.’’ हिवाळ्यात छपरांवरून बर्फाचे सुळके खाली पडतात म्हणून फूटपाथला फिती बांधून लोकांना रस्त्याकडे वळवले जाते, आणि त्या निसरड्या वाटेवरून चालणे आमच्या गुडघ्यांना झेपले नसते. जूनमध्ये जाणाऱ्यांनी २३ आणि २४ तारखा पाहून ठेवाव्यात. हा तिथला सर्वांत मोठा सण; लोक शेकोट्या पेटवायला गावाकडे निघून जातात, शहरातली दुकाने बंद असतात आणि पाहुणा ओस रस्त्यांवर उपाशी फिरतो. आम्ही सप्टेंबर निवडला. संध्याकाळी साडेसातपर्यंत उजेड होता, उन्हाळी गर्दी ओसरली होती, आणि बाजारात रानमेवा आलेला होता. पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, तर दिवसभर भुरभुरतो, आणि दौगावा नदीवरून येणारा वारा छत्री उलटी करतो, म्हणून छत्रीऐवजी टोपीचा रेनकोट न्यावा. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ थर बरे, कारण आत शिरले की इमारती उबदार असतात आणि दारातच कोट काढून ठेवायची पद्धत आहे.

आता मुख्य बाजार. रिगाविषयी एकच गोष्ट सांगायची परवानगी असती तर मी याच बाजाराविषयी बोलले असते. स्थानकामागे, कालव्याच्या काठाशी, पाच प्रचंड कमानदार मंडप उभे आहेत. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी झेपेलिन हवाई जहाजांसाठी जे हँगर बांधले होते, त्यांच्या सांगाड्यांचे भाग वापरून हे मंडप उभारले गेले आणि १९३० मध्ये बाजार सुरू झाला. मांस, मासळी, भाजीपाला, दूधदुभते आणि तयार खाद्यपदार्थ अशी मंडपांची विभागणी आहे. ज्यांना मांसाचा वास सहन होत नाही त्यांनी कोणत्या दारातून आत शिरायचे हे आधी पाहावे, कारण मंडप एकमेकांना जोडलेले आहेत आणि एका दारातून चुकीच्या ठिकाणी शिरले की संपूर्ण डुकरे टांगलेल्या रांगेतूनच बाहेर पडावे लागते. सकाळी लवकर जावे. दुपारनंतर निम्मे गाळे आवरायला लागतात.

भाजीच्या मंडपात एका आजीबाईंच्या गाळ्यासमोर आम्ही बराच वेळ उभे होतो. लाकडी पिंपांतून आंबवलेली कोबी काढून ठेवलेली, कुठे गाजर घातलेली, कुठे लाल क्रॅनबेरी, कुठे शहाजिऱ्यासारख्या कॅरवेच्या बिया. शेजारी मिठाच्या पाण्यात मुरलेल्या काकड्या, त्यांत शेपूचे फुलोऱ्यासकट देठ आणि लसणाच्या अख्ख्या पाकळ्या. त्यांनी काही न बोलता चिमट्याने कोबीची चिमूट उचलून तळहातावर ठेवली, आम्ही खाल्ली, त्यांनी दुसऱ्या पिंपातली ठेवली, आणि पाचव्या चवीनंतर किती हवी ते बोटांनी दाखवायचे एवढाच काय तो व्यवहार. तिथे घासाघीस करत नाहीत आणि माल हाताने निवडू देत नाहीत. बोट दाखवावे, मग ते देतात. बहुतेक ठिकाणी कार्ड चालते, तरी बाहेरच्या उघड्या गाळ्यांवर बसणाऱ्या बायकांकडून शँटरेलची पिवळी अळंबी किंवा निळी बेरी घ्यायची तर सुट्टी नाणी जवळ हवीत. दुधाच्या मंडपात बिएझपिएन्स नावाचे ताजे, रवाळ, आंबटसर पनीर सुटे मिळते. त्यात मीठ, मिरपूड आणि कांद्याची पात कालवून राई नावाच्या धान्याच्या काळ्या पावाबरोबर खाल्ले की एक वेळचे जेवण होते. भांगेच्या बियांचे लोणी पाहून यजमान चपापले, पण तो तिथला जुना, निर्धोक पदार्थ आहे.

शाकाहारी माणसाने रिगात उपाशी राहायचे कारण नाही, पण विचारल्याशिवाय काही तोंडात घालू नये. करड्या वाटाण्यांची उसळ पाहून आपल्याला वाटते की हे आपलेच. तीत डुकराच्या चरबीचे तुकडे असतात आणि तीच तिची खासियत समजली जाते. पिरागी नावाच्या छोट्या भाजलेल्या करंज्यांत बहुधा डुकराचे मांसच असते. भाज्यांच्या सुपाला मांसाचा रस्सा आधार म्हणून घातलेला असू शकतो. उन्हाळ्यातले गुलाबी थंड सूप बीट, केफिर (ताकासारखे आंबवलेले दूध), काकडी आणि शेपूचे असते, पण त्यात उकडलेले अंडे असते, तेव्हा अंडे न खाणाऱ्यांनी आधीच सांगावे. बटाट्याची धिरडी, आंबट मलई, अळंबी, बीटच्या कोशिंबिरी आणि पाव यांवर मात्र निर्धास्त राहता येते. ‘बेझ गाल्यस’, म्हणजे मांसाविना, एवढे दोन शब्द पाठ केले तर निम्मे काम होते. लिडो नावाच्या उपाहारगृहांत सगळे पदार्थ समोर मांडलेले असतात आणि ताट घेऊन आपण पुढे सरकतो, त्यामुळे काय घेतो आहोत ते दिसते. पहिल्या दिवशी तिथेच जावे. आणि ज्यांना शेपू आवडत नाही, त्यांच्याविषयी मला सहानुभूती आहे. लात्व्हियात तो बटाट्यावर, काकडीवर, सुपावर, जवळजवळ सगळ्यावर असतो. आमच्याकडे मुगाची डाळ घातलेली शेपूची भाजी दर आठवड्याला होते, त्यामुळे मी खूश होते.

नळाचे पाणी पिण्याजोगे आहे, म्हणून बाटल्या विकत घेत बसू नये. घेतलीच, तर तिच्यावर दहा सेंट अनामत आकारलेली असते. फेब्रुवारी २०२२ पासून ही पद्धत आहे. मोठ्या दुकानांबाहेरच्या यंत्रात रिकामी बाटली न चेपता टाकली की पावती मिळते आणि ती गल्ल्यावर वळती होते. लात्व्हियात १ जानेवारी २०१४ पासून युरो चालतो. कार्ड जवळपास सर्वत्र नुसते टेकवून चालते, मात्र निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करून घ्यावे लागतात, आणि यंत्राने ‘रुपयांत की युरोत’ असे विचारले तर युरोच निवडावे, कारण रुपयांचा दर आपल्या तोट्याचा असतो. आपल्या तीन पिनांच्या प्लगसाठी ॲडॉप्टर न्यावा. औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहून घेऊन न्यावीत, कारण आपल्याकडची ब्रँडची नावे तिथल्या औषधविक्रेत्याला कळत नाहीत.

शहर पाहायचे ते पायीच. जुन्या शहराची आणि त्याभोवतीच्या मध्यभागाची नोंद १९९७ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत झाली. सेंट पीटर चर्चच्या १२३ मीटर उंच मनोऱ्यात उद्वाहकाने ७२ मीटरवरच्या सज्जात जाता येते, आणि तिथे पहिल्याच दिवशी जावे; नदी कुठे, बाजार कुठे, आपली खोली कुठे, हे एकदा वरून पाहिले की नकाशाची गरज निम्मी होते. मुख्य चौकातले ब्लॅकहेड्स व्यापारी संघाचे नक्षीदार घर पाहताना, मूळ इमारत १९४१ मध्ये उद्ध्वस्त झाली, अवशेष १९४८ मध्ये पाडले गेले आणि आपण पाहतो ती १९९०च्या दशकात पुन्हा बांधलेली आहे, हे माहीत असावे. डोम नावाच्या मोठ्या चर्चमध्ये, ज्याचा पाया १२११ मध्ये घातला गेला, १८८४ सालचा ६,७१८ नळ्यांचा ऑर्गन आहे आणि त्याची वीस-वीस मिनिटांची छोटी वादने होतात. ज्यांना पाश्चात्त्य संगीतात विशेष गती नाही, अशा आमच्यासारख्यांना वीस मिनिटे अगदी बेताची वाटतात. बरीच संग्रहालये सोमवारी बंद असतात, त्यामुळे सोमवार रस्त्यांसाठी ठेवावा.

सोमवारी आम्ही अल्बेर्ता रस्त्यावर गेलो. विसाव्या शतकाच्या आरंभी ‘आर्ट नूव्हो’ शैलीत बांधलेल्या इमारती रिगाच्या मध्यभागात इतक्या आहेत, की प्रत्येक तिसरी इमारत त्या शैलीची आहे असे सांगतात. त्यांपैकी सर्वांत नटव्या या आखूड रस्त्यावर आहेत. त्यांतल्या अनेकींचा रचनाकार मिखाइल आयझेनश्टाइन, म्हणजे प्रसिद्ध चित्रपट दिग्दर्शक सेर्गेई आयझेनश्टाइन यांचे वडील. एकाच दर्शनी भिंतीवर किंचाळणारे मुखवटे, झोपलेल्या स्त्रिया, सिंह, मोर आणि वेली इतक्या दाटीने आहेत की पहिल्या पाच मिनिटांत काहीच नीट दिसत नाही. म्हणून समोरच्या फूटपाथवर उभे राहावे आणि एका वेळी एकच मजला पाहावा. जवळच एलिझाबेतेस रस्त्यावर १० ब क्रमांकाच्या निळसर इमारतीच्या माथ्यावर दोन भलेमोठे चेहरे आहेत, ते दुर्बीण असेल तर जरूर पाहावेत. अल्बेर्ता रस्त्यावरच्या १२ क्रमांकाच्या घरात या शैलीचे संग्रहालय आहे. त्याचा गोल वळत वर जाणारा जिना आणि जिन्याचे रंगवलेले छत पाहून आमच्या सोसायटीतल्या जिन्याची आठवण न काढलेलीच बरी. या घरांत माणसे राहतात, मुले शाळेतून परत येतात, तेव्हा दारे ढकलून आत डोकावणे बरे दिसत नाही.

नदीपलीकडे, दगडी पूल चालत ओलांडल्यावर, राष्ट्रीय ग्रंथालयाची उतरत्या कड्यासारखी इमारत आहे. गुन्नार बिर्केर्ट्स या रिगात जन्मलेल्या वास्तुरचनाकाराने ती रचली आणि जानेवारी २०१४ मध्ये हजारो नागरिकांनी थंडीत रांग लावून जुन्या ग्रंथालयातली पुस्तके हातोहात नव्या इमारतीत पोहोचवली. सहली इथे क्वचितच येतात, हे मला अजून उलगडलेले नाही. आत लोकगीतांचे एक कपाट आहे. क्रिश्यानिस बारोन्स यांनी एकोणिसाव्या शतकात खेड्यापाड्यांतून आलेली चार-चार ओळींची लोकगीते चिठ्ठ्यांवर उतरवून त्याच्या खणांत लावली. चिठ्ठ्यांची संख्या दोन लाखांहून अधिक आहे. जन्म, सासर, अनाथपण, दळणकांडण, मरण असे विषय, आणि गाणाऱ्या मुख्यत्वे स्त्रिया. आपल्या जात्यावरच्या ओव्याच जणू कुणी खण करून जपून ठेवल्या आहेत, असे मला वाटले आणि मी त्या कपाटासमोरून लवकर हलले नाही. वरच्या मजल्यांवरून संपूर्ण जुने शहर नदीपलीकडे दिसते, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत, फक्त नोंदणी करावी लागते.

स्वातंत्र्यस्मारक हा तिथल्या लोकांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. ४२ मीटर उंचीचे हे स्मारक लोकवर्गणीतून उभे राहिले आणि १९३५ मध्ये त्याचे अनावरण झाले; सोव्हिएत काळात त्याच्या पायथ्याशी फूल ठेवणेही धोक्याचे होते. दर तासाला पहारा बदलतो, तो अवश्य पाहावा. पायऱ्यांवर टेकायला निघालेल्या मला भाच्याने हळूच मागे ओढले, ‘‘मावशी, इथे नको बसूस, लोकांना आवडत नाही.’’ त्याच रस्त्याने पुढे गेल्यावर केजीबीची, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांची, जुनी कचेरी आहे. तिच्या कोठड्या मार्गदर्शकाबरोबरच पाहता येतात, आणि त्या पाहायच्या असतील तर त्या दिवशी दुसरे काही ठरवू नये.

एका दिवसाच्या फेरीसाठी समुद्रकाठचे यूर्माला सर्वांत सोपे. मुख्य स्थानकावरून लोकल गाडीने तिथल्या मायोरी स्थानकाला अर्धा तास लागतो, आणि स्थानकापासून पाइनच्या झाडांतून चालत समुद्र. वाळू पांढरी व बारीक, पाणी इतके उथळ की बरेच आत गेले तरी गुडघाभरच, आणि सप्टेंबरमध्ये एवढे गार की यजमानांनी पाय बुडवून लगेच बाहेर काढले. स्वतःची गाडी घेऊन गेल्यास हंगामात शहरात शिरायचे शुल्क द्यावे लागते, म्हणून रेल्वेच बरी. सिगुल्डाला गाउया नदीच्या खोऱ्यात तुरैदाचा लाल विटांचा किल्ला आहे. तिथे चढउतार बराच आहे. आम्हांला अधिक आवडले ते युग्ला सरोवराकाठचे खुले वस्तुसंग्रहालय, जिथे देशभरातून उचलून आणलेली जुनी लाकडी घरे, पवनचक्क्या आणि चर्चे पाइनच्या रानात मांडली आहेत. १ क्रमांकाची बस तिथे जाते. दुसरी राजधानी पाहायचीच असेल, तर डिसेंबर २०२३ पासून रिगाहून व्हिल्नियसला थेट रेल्वे सुरू झाली आहे आणि ती सुमारे सव्वाचार तास घेते.

लोक आतिथ्यशील आहेत, पण ते लगेच दिसत नाही. अनोळखी माणसाकडे पाहून हसायची तिथे पद्धत नाही. त्याला तुसडेपणा समजू नये. बसमध्ये हलक्या आवाजात बोलतात, आणि रस्ता पूर्ण रिकामा असला तरी लाल दिव्याला थांबतात. आम्ही थांबायला शिकलो. भारतात परतल्यावर दोन दिवस तरी सवय टिकली. तरुण मुले इंग्रजी सफाईने बोलतात. शहरात रशियन भाषकांची संख्या मोठी आहे, तरीही युक्रेनच्या युद्धामुळे हा विषय नाजूक झाला आहे. रशियन दूतावासासमोरच्या रस्त्याला २०२२ मध्ये युक्रेनच्या स्वातंत्र्याचे नाव दिले गेले. ‘लाब्दिएन’ म्हणून नमस्कार करावा आणि पुढे इंग्रजीत बोलावे. जुन्या शहरात रात्री कुणी अनोळखी तरुणी ‘चला, इथे जवळच छान बार आहे’ म्हणाली, तर जाऊ नये, कारण अशा ठिकाणी अवाच्या सवा बिल हातात पडते. ही सूचना आपल्या पुतण्या-भाच्यांना जरूर द्यावी. तातडीच्या मदतीसाठी क्रमांक ११२.

परतीचे विमान पहाटेचे असेल तर आदल्या रात्रीच टॅक्सी ठरवून ठेवावी. घरी आणायला अंबरचे दागिने आहेत, पण जुन्या शहराच्या चौकातल्या गाळ्यांपेक्षा पावती आणि प्रमाणपत्र देणाऱ्या दुकानातून ते घ्यावेत. आम्ही राईचा काळा पाव आणि लिंडनचा मध आणला. पाव हातातल्या पिशवीत चालतो आणि बरेच दिवस टिकतो. मध मात्र मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवावा, कारण सुरक्षा तपासणीत तो द्रवपदार्थात धरला जातो.